केळ्यातला किरणोत्सर्ग आणि आपला ‘किती?’ हा प्रश्न



सुरुवातीलाच एक प्रश्न आणि त्याचं सरळ उत्तर. केळं किरणोत्सर्गी असतं का? हो, असतं. मग ते मुलांना खायला द्यावं का? हो, बिनधास्त द्यावं. ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी आहेत. ती दोन्ही एकत्र कशी खरी ठरतात, हे मुलांना समजावता आलं तर विज्ञानातला एक फार मोठा धडा त्यांना मिळाला असं मी म्हणेन.

हा विषय निघाला त्याला कारण आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं आणि अंडं न खाणाऱ्या मुलांना केळं द्यायचा निर्णय झाला. त्या दिवसांत पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘केळ्यात रेडिएशन असतं, सावधान’ असा एक संदेश फिरला. एका आईने मला गाठून विचारलं, “बाई, आमच्या पोराला केळं नका देऊ, दुसरं काहीतरी द्या. त्यात किरणं असतात म्हणे.” त्याच गटावर दुसऱ्या एका शिकलेल्या पालकाने उत्तर टाकलं, ‘हसावं की रडावं! केळ्यात असतं तेवढंच सगळीकडे असतं, किरणोत्सर्गाला घाबरणारे सगळे अडाणी.’

मला विचाराल तर दोघांचंही चुकत होतं. पहिल्या आईने ‘आहे की नाही’ एवढंच पाहिलं. दुसऱ्या पालकाने ‘केळ्यात आहे म्हणजे कुठेच धोका नाही’ असं ठरवून टाकलं. दोघांनीही मोजलं नाही. आणि या विषयात मोजण्याशिवाय गत्यंतर नाही, कारण किरणोत्सर्ग दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही.

आधी केळ्याचा हिशोब करू

पोटॅशिअम हे आपल्या शरीराला रोज लागणारं मूलद्रव्य. स्नायू आकसायला, नसांमधून संदेश जायला ते लागतं. निसर्गातल्या दर दहा हजार पोटॅशिअम अणूंमध्ये जेमतेम एक अणू पोटॅशिअम-४० या प्रकारचा असतो आणि तो किरणोत्सर्गी असतो. पृथ्वी तयार झाली तेव्हापासून तो आहे. त्याचा अर्धायुकाल सुमारे १२५ कोटी वर्षांचा, म्हणून तो अजून संपलेला नाही.

एक ग्रॅम साध्या, नैसर्गिक पोटॅशिअममध्ये दर सेकंदाला सुमारे ३१ अणू फुटतात. दर सेकंदाला एक अणू फुटला की त्याला एक बेक्वेरेल म्हणतात. १८९६ मध्ये युरेनियमच्या क्षारांमधून निघणारी किरणं ज्यांनी शोधली, त्या हेन्री बेक्वेरेल यांचं हे नाव. मध्यम केळ्यात ४०० ते ५०० मिलिग्रॅम पोटॅशिअम असतं. म्हणजे एका केळ्याचे झाले साधारण १२ ते १५ बेक्वेरेल.

आता केळं बाजूला ठेवा आणि वर्गातल्या मुलांकडे बघा. पंचवीस किलो वजनाच्या मुलाच्या अंगात साधारण पन्नास ग्रॅम पोटॅशिअम असतं. म्हणजे त्याच्या शरीरात फक्त पोटॅशिअमचेच दर सेकंदाला सुमारे दीड हजार अणू फुटत असतात. सत्तर किलोच्या माणसात हा आकडा चार हजारांच्या वर जातो. मग काय, बाकावर शेजारी बसणाऱ्या मित्राला उठवून लांब बसवायचं का? तूरडाळ, बटाटा, राजगिरा, नारळपाणी हे सगळं बंद करायचं का? मुलं हसतात आणि हसता हसता त्यांना कळतं की ‘आहे’ या शब्दाला एकट्याने काही अर्थ नाही.

यात आणखी एक गंमत आहे. आपलं शरीर पोटॅशिअमचं प्रमाण ठरावीक राखतं. जास्त खाल्लं तर जास्तीचं मूत्रपिंडावाटे बाहेर टाकतं. त्यामुळे रोज केळं खाल्लं म्हणून अंगातला किरणोत्सर्ग दिवसेंदिवस साठत जात नाही.

गारा किती आणि नुकसान किती

बेक्वेरेल हा आकडा ऐकून लोक दचकतात, कारण तो मोठा वाटतो. पण बेक्वेरेल म्हणजे गारपिटीत गारा किती पडल्या एवढंच. पिकाचं नुकसान किती झालं, हा वेगळा प्रश्न. बारीक गारा की लिंबाएवढ्या? द्राक्षाच्या बागेवर पडल्या की माळावर? शरीरावर होणाऱ्या परिणामाचा अंदाज सांगायला सिव्हर्ट हे एकक आहे. ते फार मोठं असल्यामुळे त्याचा हजारावा भाग, म्हणजे मिलिसिव्हर्ट, वापरतात.

जगात सरासरी माणसाला निसर्गातून वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. काही जमिनीतून, काही आकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांतून, काही अन्नपाण्यातून आणि सगळ्यात मोठा, जवळजवळ निम्मा वाटा श्वासावाटे जाणाऱ्या रेडॉन वायूचा. अन्नपाण्याचा वाटा सुमारे ०.३ मिलिसिव्हर्ट. एका केळ्याचा हिशोब कागदावर मांडला तर तो मिलिसिव्हर्टचा दहा हजारावा भाग भरतो. वर्षभराच्या नैसर्गिक सरासरीएवढा आकडा गाठायला चोवीस हजार केळी लागतील, म्हणजे दिवसाला पासष्टच्या वर! त्याआधी पोटाचं काय होईल ते मुलांनाच विचारा.

पण सगळे बेक्वेरेल सारखे नसतात, हेही लगेच सांगायला हवं. पोलोनियम-२१० हा दुसरा नैसर्गिक किरणोत्सर्गी पदार्थ. तो पोटात गेला तर त्याच्या एका बेक्वेरेलचा परिणाम पोटॅशिअम-४० च्या एका बेक्वेरेलच्या सुमारे दोनशे पट धरतात. म्हणून ‘अमुक पदार्थात इतके बेक्वेरेल’ असा संदेश आला की आपण तीन गोष्टी विचारायच्या. कशाचे बेक्वेरेल? किती खाल्लं किंवा प्यायलं? आणि आजूबाजूला आधीपासून किती आहे?

मोजतात कसं?

इंटरनेटवर कुणीतरी छोटं गायगर यंत्र भाजीवर धरतो, टकटक आवाज येतो आणि खाली लिहिलेलं असतं ‘पाहा!’ त्याला मोजणं म्हणत नाहीत. गायगर यंत्र रिकाम्या टेबलावर ठेवलं तरी टकटक करतंच, कारण किरणं सगळीकडे आहेत. आधी रिकाम्या जागेची नोंद घ्यायची, मग वस्तूची, मग वजाबाकी. दुसरीतल्या मुलाला येते ती वजाबाकी या व्हिडिओवाल्यांना येत नाही.

शिवाय वेळही पुरेसा द्यावा लागतो. अणू फुटण्याला वेळापत्रक नसतं. मोजणी १०० आली तर ती सहज दहाने इकडे-तिकडे होऊ शकते, म्हणजे दहा टक्क्यांचा फरक. मोजणी १०,००० पर्यंत नेली तर साधारण शंभराचा फरक पडतो, म्हणजे एकच टक्का. एका मिनिटात निकाल देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये तो यासाठी.

प्रयोगशाळेत हे काम संथपणे चालतं. धान्य, भाजी किंवा माती वाळवतात, दळतात, तोलतात आणि डब्यात हवाबंद करतात. रेडियम मोजायचं असेल तर तो डबा जवळजवळ महिनाभर तसाच ठेवतात, म्हणजे आतला रेडॉन आणि त्याच्यापासून बनणारे पदार्थ स्थिर प्रमाणात येतात. मग बाहेरची किरणं अडवणाऱ्या शिशाच्या जाड भिंतींच्या आत तो डबा ठेवून कित्येक तास मोजणी करतात. प्रत्येक किरणोत्सर्गी पदार्थाच्या गॅमा किरणांची ऊर्जा ठरलेली असते. फळ्यावर लिहिताना पाठीमागे कोण बोललं हे आपल्याला आवाजावरून कळतं ना? तसंच त्या यंत्राला कळतं की हा पोटॅशिअमचा आवाज आणि हा सीझिअमचा.

मोजायचं तरी कशासाठी?

निसर्गातलंच आहे तर मोजायचं कशाला, असं काही जण विचारतात. आपण जूनमध्ये मुलांची उंची-वजनं का नोंदवतो? मूल आजारी आहे म्हणून नाही. पुढे वजन घटलं तर कळावं म्हणून. नेहमीचं किती, हे आधी लिहून ठेवलेलं नसेल तर नवीन काही मिसळलं की नाही हे सांगता येत नाही. तारापूरसारख्या अणुवीज केंद्रांच्या परिसरात याचसाठी पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असतात. तिथे पाणी, माती, दूध, मासे, भाजीपाला यांचे नमुने सतत तपासले जातात.

याची गरज किती खरी आहे, हे मुंबईने अनुभवलं आहे. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची दुर्घटना झाली आणि त्याची धूळ युरोपातल्या कुरणांवर पडली. त्यानंतर आयर्लंडहून लोणी मुंबईत आलं. हे लोणी आपल्या लोकांच्या पोटात जाऊ द्यायचं का, असा प्रश्न घेऊन काही नागरिक आधी मुंबई उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत असलेलं अन्न खाण्यास सुरक्षित आहे, असा अभिप्राय समितीने दिला आणि १९८८ मध्ये निकाल लागला. मला यातलं काय आवडतं सांगू? प्रश्न विचारणाऱ्यांनी प्रश्न विचारला, आणि उत्तर तज्ज्ञांच्या तपासणीतून आलं. विचारणाऱ्याला वेडं ठरवून विषय मिटवला गेला नाही.

म्हणून गटावरच्या त्या दुसऱ्या पालकालाही मला उत्तर द्यावंसं वाटतं. फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर जपानने एप्रिल २०१२ पासून साध्या अन्नातल्या किरणोत्सर्गी सीझिअमची मर्यादा किलोला १०० बेक्वेरेल केली, दूध आणि बाळांच्या अन्नासाठी ५०. सोललेल्या केळ्यांत तर किलोमागे शंभराच्या वर बेक्वेरेल नैसर्गिकच असतात! मग जपानी लोक उगाच घाबरतात का? नाही. पोटॅशिअम शरीर ठरावीकच ठेवतं, सीझिअमला तसा लगाम नाही. ते जेवढं जास्त खाऊ तेवढं जास्त अंगात राहतं आणि ते आधीच्या नैसर्गिक वाट्यावर वरून पडतं. आपल्याकडेही सामान्य नागरिकांसाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्ट ही जी मर्यादा आहे, ती निसर्गातून आणि वैद्यकीय तपासण्यांतून मिळणारा वाटा सोडून. केळ्याचं उदाहरण भीती घालवायला उत्तम आहे. एखाद्या मच्छीमाराने किंवा शेतकऱ्याने रास्त शंका विचारली तर त्याचं तोंड बंद करायला मात्र ते वापरू नये.

काळजी करायचीच तर इथे करा

आपली काळजी चुकीच्या ठिकाणी खर्च होते, हे माझं खरं दुखणं आहे. केळं बंद करणाऱ्या घरात पुढच्या गोष्टी बिनबोभाट चालू असतात.

तंबाखू : तंबाखूच्या पानांवर हवेतून पडणारं नैसर्गिक शिसं-२१० आणि पोलोनियम-२१० चिकटतं आणि विडी-सिगारेटच्या धुरातून थेट फुप्फुसात जातं. तंबाखूत कर्करोग करणारे इतरही पुष्कळ पदार्थ आहेत, हा त्यातला एक. आपण शाळेच्या भिंतीवर ‘तंबाखूमुक्त शाळा’ लिहितो. घर तंबाखूमुक्त आहे का, हे केळ्याच्या आधी विचारा.

कोंदट खोली : जमिनीतल्या युरेनियमपासून शेवटी रेडॉन वायू तयार होतो आणि तो बंद खोलीत साचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचं हे एक महत्त्वाचं कारण आहे, आणि धूम्रपान करणाऱ्याला त्याचा धोका कितीतरी जास्त. घरातल्या हवेत दर घनमीटरला १०० बेक्वेरेल ही पातळी त्यांनी सुचवली आहे. आपल्याकडे उपाय सोपा आणि जुना आहे : खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळू द्या. वर्गातही हाच नियम.

बोअरचं पाणी : काही भागांत, विशेषतः पंजाब आणि राजस्थानात, भूजलात युरेनियम जास्त सापडलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे. इथे भीती किरणांपेक्षा मूत्रपिंडावर होणाऱ्या रासायनिक परिणामाची जास्त. गावच्या पाण्याचा तपासणी अहवाल ग्रामपंचायतीत मागा आणि नुसतं ‘पिण्यास योग्य’ एवढं वाचून थांबू नका. काय काय तपासलं आहे तेही वाचा.

‘ऊर्जेची’ पदकं : मला सगळ्यात जास्त संताप येतो तो याचा. मोबाइलच्या किरणांपासून संरक्षण करतात म्हणून काही पदकं आणि कडी साखळी पद्धतीने विकली जातात. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेने अशा दहा वस्तू किरणोत्सर्गी असल्याचं जाहीर केलं आणि त्या अंगावर घालू नका, असा इशारा दिला. त्यात लहान मुलांचं एक कडंही होतं! किरणांपासून वाचवायला घेतलेली वस्तूच किरणं सोडते आणि ती चोवीस तास अंगाला चिकटलेली. तुमच्या घरी असं काही असेल तर ते मुलाच्या गळ्यातून आजच काढा. मोबाइलच्या लहरी वेगळ्या प्रकारच्या असतात, अणूतले इलेक्ट्रॉन उडवून लावण्याइतकी ताकद त्यांच्यात नसते, हेही लक्षात ठेवा.

घराच्या दगड-विटांबद्दल पालक विचारतात म्हणून तेही सांगते. ग्रॅनाइटच्या ओट्यात युरेनियम, थोरियम, पोटॅशिअम थोडं थोडं असतं. आपल्या काळ्या बेसाल्टमध्ये सहसा त्याहून कमी. ओटा फोडण्याचं काहीही कारण नाही. वीज केंद्राच्या राखेत मात्र कोळसा जळून गेल्यावर ही मूलद्रव्यं एकवटतात, म्हणून राखेच्या विटांसारखं बांधकाम साहित्य मोजून पाहणं शहाणपणाचं.

आणि भीती कमी करणारं एक उदाहरण आपल्याच देशातलं. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर वाळूत मोनाझाइट आहे, त्यात थोरियम. तिथला नैसर्गिक किरणोत्सर्ग इतर ठिकाणांच्या कित्येक पट. तिथल्या सुमारे ७० हजार लोकांवर सरासरी दहा वर्षांहून जास्त काळ लक्ष ठेवलं गेलं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात किरणोत्सर्गामुळे कर्करोग वाढल्याचं आढळलं नाही. याचा अर्थ किरणं कशीही चालतील असा नाही. पण निसर्गातल्या थोड्याशा किरणांनी लगेच माणूस आजारी पडतो, ही समजूत मात्र यातून नक्की ढळते.

वर्गात काय करता येईल?

गायगर यंत्र आपल्या शाळांत नाही, आणि त्यावाचून अडतही नाही. शंभर चिंचोके फोडून अर्धुकं घ्या. एक बाजू पांढरी, एक तपकिरी. फरशीवर टाका, पांढरी बाजू वर आलेली काढून ठेवा, उरलेली मोजा, फळ्यावर लिहा. पुन्हा टाका. दर खेपेला साधारण निम्मी कमी होतात, कधी थोडी जास्त, कधी थोडी कमी. कोणतं अर्धुक कधी जाईल हे कुणालाच सांगता येत नाही, पण एकूण किती जातील याचा अंदाज येतो. चौथीतल्या मुलांना अर्धायुकाल असा हातात देता येतो.

दुसरा खेळ रस्त्यावरच्या गाड्या मोजण्याचा. एका गटाने एक मिनिट मोजायचं, दुसऱ्याने दहा मिनिटं मोजून दहाने भागायचं. कुणाचा आकडा जास्त भरवशाचा, यावर मुलांना भांडू द्या. फार छान भांडतात. वरच्या वर्गांना केळ्याचा गुणाकार-भागाकार द्या आणि २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तो पालकांसमोर फळ्यावर करून दाखवायला सांगा. मुलांच्या तोंडून ऐकलेलं पालक जास्त मानतात, हा आपला सगळ्यांचाच अनुभव.

मुलं मोठी होतील तेव्हा त्यांच्या फोनवर अशा संदेशांचा पूर असेल. खतांबद्दल, लशींबद्दल, पाण्याबद्दल. प्रत्येक वेळी त्यांना समजवायला आपण नसू. तेव्हा ‘आहे म्हणे’ वर घाबरू नये आणि ‘सगळीकडेच असतं’ वर गप्प बसू नये, एवढी सवय आत्ता लागायला हवी. त्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. कशाचं, किती आणि कशाच्या तुलनेत, हे तीन प्रश्न वर्गातल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावा आणि येत्या आठवड्यात एखाद्या फिरत्या संदेशावर मुलांकडून ते विचारून घ्या. केळं वाटतानाच विचारलं तर आणखी चांगलं.